मदत हवी आहे: वाळवलेल्या गवारीला पावसाळ्यात बुरशी येते, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, मी अंबाजोगाईची. घरामागं परसात दोन वाफे आहेत, त्यात फेब्रुवारीत पुसा नवबहार गवार लावली होती, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून तेच घालत गेले आणि आता दिवसाआड किलोभर शेंगा निघायल्यात. पोरं खाऊन कंटाळली, म्हणून वाळवायचीय, पण मागच्या वर्षीपासून धास्तीच बसलीय.

मागच्या मे मधे साडेसहा किलो हिरवी गवार घेतली होती, वाळून जेमतेम सव्वा किलो भरली. शिरा काढल्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून निथळली, गच्चीवर जुन्या साडीवर चार दिवस घातली, ऊन ४१-४२ चं. चौथ्या दिवशी दुपारी गरम गरमच गोळा केली आणि तशीच प्लास्टिकच्या बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. श्रावणात उघडली तर कुबट वास आणि पांढरी बुरशी, सगळी फेकली. सासूबाईंनी त्याच दिवशी मागितली होती, कूट अन् येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) घालून रस्सा कर म्हणल्या. ७२ च्या दुष्काळात त्यांच्या घरी वाळवलेल्या भाज्यांवर दिवस काढलेत, त्यांच्यासमोर ती बरणी रिकामी करताना लई वाईट वाटलं.

मला वाटतंय गरम भरल्यामुळं आत वाफ धरली असणार. पण शेंगा जाड असतात, वरून वाळल्या तरी आतल्या बिया ओल्या राहिल्या असतील का? मोडल्यावर कट्‌कन तुटली म्हणजे झाली, एवढं पुरतं का बी फोडून बघायचं? सासूबाई म्हणायलेत उकडायचीच नाही, कच्चीच वाळव, आई म्हणते उकडल्याशिवाय रंग राहत नाही अन् शिजायलाही वेळ लागतो. आणि काचेची बरणी बरी का फडक्यात बांधून टांगलेली? पहिले लोक आढ्याला गाठोडी टांगायचे, पण आमचं स्लॅबचं घर, पावसात भिंतींना ओल येते.

मेथी सावलीतच वाळवते, ती वर्षभर छान राहते, अडचण फक्त गवारीची.

मृगाला तीन आठवडे राहिलेत अन् दुपारनंतर आभाळ यायलंय. परवा पहिली खेप गच्चीवर घालणारे, ज्यांच्याकडं दिवाळीपर्यंत टिकते त्यांनी त्याआधी सांगा, प्लीज.