शब्दचर्चा : ‘वसाहत’ला दुसरा शब्द आहे का?

आर्ते या युरोपीय वाहिनीची २०२० सालची तीन भागांची मालिका सध्या आईबरोबर बघतोय. गोऱ्यांच्या राज्याचा इतिहास, पण ज्यांच्यावर राज्य झालं त्यांच्या बाजूने. आईला इंग्रजी झेपत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जातो. मणिकर्णिका तांबे हे नाव ऐकलं आणि ती सावरून बसली. पण ‘ब्रिटिशांची वसाहत’ म्हणालो तेव्हा तिने विचारलं, “आपली कामगार वसाहत होती, तशी?” मला धड उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद :
आईंनी नेमकं बोट ठेवलंय. वसणे, वस्ती, वसवणे यांच्या गोतातला हा शब्द. ओसाड जागी माणसं आणून वसवली, एवढंच चित्र त्यातून उभं राहतं. आधीची माणसं उठवली गेली, याचा त्यात मागमूस नाही. केनियातल्या सुपीक डोंगराळ मुलखात गोऱ्यांनी मळे थाटले, ती त्यांची वसाहत. किकुयू लोकांसाठी ती बळकावलेली जमीन. आपल्याकडे गोरे शेती करायला वसले नाहीत, राज्य करायला आले. जुनी माणसं ‘कंपनी सरकार’, ‘इंग्रजांचा अंमल’ म्हणत, तेच जास्त खरं आहे. भारतासाठी मी ‘अंमल’च वापरीन. ‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे अशी परकी सत्ता संपणं, हा शब्द परीक्षेच्या पेपरात ठीक, आईला सांगताना नको.

केनियातल्या इंग्रजविरोधी उठावाचं ‘माऊ माऊ’ हे नावही जपून वापरा. ते इंग्रजांनी रूढ केलं. लढणारे स्वतःला ‘केनिया भूमी आणि स्वातंत्र्य सेना’ म्हणवत. भांडण कशाचं होतं ते त्या नावातच आहे, म्हणून ते पूर्ण घ्यावं.

आणि मालिकेतल्या मेरी न्यांजिरू या किकुयू बाईच्या प्रसंगात फार सांभाळा. मार्च १९२२, नैरोबी. अटकेतला पुढारी हॅरी थुकू याला सोडा म्हणून पोलीस ठाण्यासमोर लोक जमलेले. पुरुष माघारी फिरू लागले, तेव्हा तिने अंगावरचं वस्त्र वर उचललं आणि म्हणाली, हे तुम्ही घ्या, तुमच्या विजारी मला द्या. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ती गेली. इथे आपल्या तोंडात पटकन ‘बांगड्या भरा’ येतं. पण तो नुसता टोमणा झाला. किकुयूंमध्ये बाईने असं वस्त्र उचलणं हा घोर शाप, अपमानाचं शेवटचं टोक. तिने काय केलं ते जसंच्या तसं सांगा.

आणखी एक प्रतिसाद :
गोव्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या घटनेतून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला ‘सागरापलीकडचा प्रांत’ केलं. गोवा आमचाच प्रांत, मग सोडायचा प्रश्नच कुठे, हा त्यांचा दावा. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो मानला नाही. १९ डिसेंबर १९६१ला आपण ‘गोवा मुक्ती’ म्हणतो; लिस्बनच्या लेखी ते आक्रमण होतं. ‘मुक्ती’ म्हटलं की आधी कुणीतरी बांधून ठेवलं होतं हे आपोआप सांगितलं जातं. म्हणून मला ‘निर्वसाहतीकरणा’पेक्षा ‘मुक्ती’ जवळचा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. ‘अंमल’ आईला लगेच कळला. न्यांजिरूच्या वेळी मी ‘बांगड्या भरा’च बोलून गेलो होतो. काल तेवढा भाग परत लावला आणि तिने काय केलं ते नीट सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिचं नाव परत सांग.”