सेप्सिसमध्ये ताप यायच्या आधीच बडबड कशी काय? मेंदूचा काय संबंध?

निपाणीची_सून:
नमस्कार. आमच्या मामांना (सासरे) लघवीच्या इन्फेक्शनमधनं सेप्सिस झालं होतं, आता आयसीयूतनं वॉर्डात आणलंय. ताप यायच्या आधीच ते भलतंच बोलायला लागले, तंबाखूची वखार कधीच विकली आमची आणि हे मध्यरात्री उठून "पानं भिजायलीत, ताडपत्री घाला" म्हणून ओरडायलेत. घरात सगळे म्हणाले वय झालंय, शेजारच्या काकूंनी तर दृष्ट पण काढली. मग बीपी पडलं, किडनीवर आलं. इन्फेक्शन मेंदूत गेलं काय विचारलं तर डॉक्टर म्हणाले मेंदूत जंतू नाहीत, पण मेंदू यात सामील असतो. एवढं बोलून राऊंड पुढं गेला. माझं कन्नड बाजारापुरतं, परत विचारायचं राहिलं. सामील म्हणजे कसा?

खानापूर_सिस्टर:
ताई, म्हाताऱ्या माणसात हे लई बघतो आम्ही. कधीकधी ताप येतच नाही, बडबड किंवा नुसती झोप झोप हेच पहिलं लक्षण. श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, वरचं बीपी 100 किंवा कमी, आणि शुद्धीत फरक, इन्फेक्शन असताना यातलं दोन दिसलं की आम्ही सावध होतो. वय झालंय म्हणून घरात थांबतात ना तिथंच वेळ जातो.

वडगावचा_फार्मावाला:
सिस्टरनी लक्षण सांगितलं, मी आतलं सांगतो, जरा लांबेल. सेप्सिसमध्ये जंतूंपेक्षा आपल्याच प्रतिकारशक्तीचा ताबा सुटल्यानं अवयव जास्त बिघडतात, 2016 ची व्याख्या पण तेच म्हणते. आता हा ताबा ठेवतंय कोण तर बऱ्यापैकी मेंदू. प्रतिकारशक्तीच्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन असली सूज वाढवणारी रसायनं सोडतात, त्याची खबर व्हेगस नर्व्हमधनं (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस) मेंदूच्या देठाला जाते, मग तिकडनं ताप, भूक मरणं, कॉर्टिसॉल (सूज दाबणारं हार्मोन) वाढवणं हे सगळं सुरू होतं आणि परतीच्या वाटेनं प्लीहेला निरोप जातो की टीएनएफ कमी करा. अमेरिकेतले संशोधक केविन ट्रेसी यांच्या टीमनं 2000 साली उंदरांत व्हेगसला करंट देऊन टीएनएफ खाली आणला होता. 2024 मध्ये चार्ल्स झुकर यांच्या लॅबनं देठातल्या नेमक्या पेशी दाखवल्या, त्या गप्प केल्या की सूज हाताबाहेर, चालू केल्या की शांत.

पण सेप्सिसमध्ये मेंदूलाच मार बसतो. रक्त आणि मेंदूमधला पडदा गळका होतो, आतल्या मायक्रोग्लिया पेशी भडकतात, रक्तपुरवठा कमी पडतो. मामांची बडबड ती ही. आणि देठच बिघडला की हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या, सुजेचा ब्रेक सगळंच डळमळतं. किडनीवर आलं त्यात मेंदूचा वाटा किती हे एका पेशंटमध्ये सांगता येत नाही, बीपी पडणं आणि बारीक रक्तवाहिन्यांतला गोंधळ पुरेसा असतोय.

कुंदा_पार्सल:
म्हणजे प्राणायाम केला, थंड पाण्यानं तोंड धुतलं की व्हेगस चालू आणि सेप्सिस बरं? आमच्या गल्लीच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतोय असला 😄

वडगावचा_फार्मावाला:
नाही हो अण्णा. उंदरांत टीएनएफ अडवून जमलं म्हणून 90 च्या दशकात माणसांना पण टीएनएफ विरोधी अँटिबॉडी देऊन बघितल्या, सेप्सिसमध्ये भरवशाचा फायदा दिसला नाही. व्हेगसला करंट देणारं मशीन 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते संधिवातासाठी. सेप्सिसला अजून अँटिबायोटिक, सलाईन, बीपीची औषधं आणि पू असेल तर तो काढणं. शॉक असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात. प्राणायाम घरी आल्यावर खुशाल करा की.

निपाणीची_सून:
आत्ता जरा उलगडलं. पण अजून संध्याकाळ झाली की मामा मला ओळखत नाहीत, असंच राहणार काय?

खानापूर_सिस्टर:
बहुतेकांचं हळूहळू सुधारतंय, काहींना आठवणीचा त्रास महिनोन्महिने राहतो, आत्ताच नक्की कुणीच सांगणार नाही. चष्मा आणि कानाचं मशीन घरी ठेवलं असेल तर आजच आणा. दिवसा खिडकी उघडी, रात्री लाईट बंद, घरातलं एकच माणूस शक्यतो जवळ. झोपेची गोळी आपल्या मनानं देऊ नका. आणि डिस्चार्ज देताना क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) परत कधी करायचं ते कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.