मदत हवी आहे : बिअर बनवताना मॅश एफिशियन्सी (माल्टमधली किती साखर प्रत्यक्ष हाती येते ते प्रमाण) ६० टक्क्यांवर अडकली आहे

मंडळी, लंडनच्या कठीण (क्षारयुक्त) पाण्यात ऑल-ग्रेन (तयार अर्क न वापरता, थेट धान्यापासून) पेल एल बिअरची बॅच करतोय. ५ किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), १५ लिटर पाणी, ६७ अंशांवर ६० मिनिटं मॅश (स्टार्चची साखर व्हावी म्हणून दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं), मग ७६ अंशांच्या पाण्याने दोनदा साडेआठ लिटरचा बॅच स्पार्ज (चोथा धुऊन उरलेली साखर काढणं). उकळण्याआधी २७ लिटर वर्ट (साखर उतरलेलं गोड पाणी) मिळतं, पण ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखरेचं माप) जेमतेम १.०३४. ७५ टक्के धरले तर १.०४३ यायला हवी. मोजमाप २० अंशांपर्यंत गार करूनच घेतलंय, हायड्रोमीटर साध्या पाण्यात बरोबर १.००० दाखवतो.

स्पार्जवर माझा संशय नाही. स्पार्जआधी निथळलेल्या पहिल्या वर्टची ग्रॅव्हिटीच १.०६२ आहे, या प्रमाणात स्टार्चचं साखरेत पूर्ण रूपांतर झालं तर ती १.०८५ च्या आसपास हवी. शेवटचं वर्ट १.००९, म्हणजे चोथ्यात साखर फारशी उरत नाही. स्टार्चच सुटत नाहीये.

माल्ट दळायच्या मिलच्या रोलर्समधली फट १.३ मिमी आहे. दळलेलं माल्ट पांढऱ्या कागदावर पसरलं की मूठभरात सात-आठ दाणे अख्खे दिसतात. मॅशचा पीएच गार नमुन्यात ५.८. पेल माल्ट एकटं या पाण्याची अल्कलिनिटी (पीएच खाली येऊ न देणारा क्षारांचा गुण) खाली ओढू शकत नाही.

आधी काय बदलू? फट १.० मिमी केली तर तळाची जाळी तुंबेल का? माल्टला २ टक्के, म्हणजे १०० मिली पाणी चोळून दळलं तर साल अखंड राहते म्हणतात. कुणी नियमित करतं का? की आधी लॅक्टिक अॅसिडने पीएच ५.४ वर आणू? दोन्ही एकदम बदलले तर खरं कारण कळणार नाही, म्हणून क्रम विचारतोय.