प्रतिसाद: पोकलेनच्या आधी पाणलोट

वर कुणीतरी म्हटलंय, "नदी जिवंत करायची तर पोकलेन लावून पात्र खोल करा." राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात नेमकं उलटं झालं. अरवरी नदीच्या पात्राला हात लावायच्या आधी भावता-कोल्यालाच्या लोकांनी १९८० च्या दशकात वरच्या उतारावर जोहड बांधले. जोहड म्हणजे चंद्रकोरीसारखा मातीचा बांध. पावसाचं पाणी अडतं, मुरतं. हळूहळू पाणलोटात शेकडो झाले. सोबतीला तरुण भारत संघ ही स्वयंसेवी संस्था होती, पण जागा ठरवायची आणि श्रमदान करायचं गावानंच. आधी विहिरींची पातळी चढली. नदी बारमाही वाहायला १९९५ उजाडलं. एका आमदारकीच्या टर्ममध्ये बसणारं काम नव्हेच ते!

खरी गंमत पुढे. नदीत मासे दिसताच सरकारने मासेमारीचा ठेका दिला. गावं अडून बसली, ठेका रद्द झाला. मग १९९९ मध्ये सत्तरेक गावांनी अरवरी संसद, म्हणजे नदीकाठच्या गावांची एकत्र सभा, भरवली. ऊस, भात असली पाणीखाऊ पिकं नकोत असं ठरवलं. आपल्याकडे नदीकाठच्या गावात उसाबद्दल ग्रामसभेत नुसता विषय काढून बघा.