बेल्ट आधी की कठडा आधी? सांगलीतल्या दुमजली बांधकामांबद्दल

मिरजेचा सिव्हिलवाला:
सांगली-मिरज-कुपवाडात मजूर वरून पडला की बोलणं एकाच वाक्यावर येतं, "बेल्ट (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) लावला नव्हता." माझं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक साइटवर बेल्ट हा पहिला उपाय नाहीच. हिशेब बघा. बेल्टची दोरी साधारण 6 फूट, पडणारा माणूस तेवढा खाली जातोच. मग झटका सोसणारी पट्टी उकलते, ते आणखी साडेतीन फूट. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत 5 फूट धरा, शिवाय खाली थोडी मोकळी जागा. म्हणजे दोरी अडकवली तिथून खाली 17-18 फूट रिकामे हवेत. पहिला स्लॅब असतो 10 फुटांवर! दोरी डोक्यावर अडकवावी म्हणाल, तर सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा साचा बांधताना डोक्यावर आभाळच असतं. म्हणून आधी कडेला कठडा, डक्टवर (पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीवर) आणि लिफ्टच्या खड्ड्यावर ठोकलेल्या फळ्या, परांचीवर एकीऐवजी तीन फळ्या. बेल्ट त्यानंतर.

सेंट्रिंगवाला, कुपवाड:
साहेब, कठडा बांधला की विटा वर घेताना काढावा लागतो, काँक्रीटचा पाइप आला की परत काढावा लागतो. पुन्हा बांधणार कोण? आम्हाला दर चौरस फुटावर, त्यात सगळं आलं. कठड्याचे पैसे धरले की मालक दुसऱ्याकडे जातो. आणि मजुरांचं म्हणाल तर दिलेलं हेल्मेटसुद्धा काढून ठेवतात.

बिगारणीची लेक, सांगलीवाडी:
काढतात, कारण हेल्मेटवर चुंबळ बसत नाही. माझी आई डोक्यावर घमेलं घेऊन एका फळीवरून वर चढायची. मान खाली घालून पाय कुठे पडतोय ते बघता येत नाही. दिवसभर खाली-वर करणाऱ्या बाईने बेल्ट कुठे अडकवायचा? तिला आडव्या पट्ट्या ठोकलेली रुंद वाट हवी होती. ती कुणी करून दिली नाही. मजूर बेफिकीर असतात असं लिहू नका, दादा.

विश्रामबागचा घरमालक:
कर्ज काढून घर बांधतोय. ठेकेदार नेमलाय, सुरक्षा त्याने बघावी. सरकार बांधकामावर 1 टक्का उपकर घेतं, कल्याणकारी मंडळ सुरक्षा संच वाटतं. मालकावर अजून किती टाकणार?

मिरजेचा सिव्हिलवाला:
संच मिळतो, कठडा कुणी आणून देत नाही. 1996 चा बांधकाम कामगार कायदाही 10 किंवा जास्त कामगारांच्या कामांसाठी होता. घराच्या कामावर पाच-सहा माणसं, तिथे तपासायला कोण येणार? 30 बाय 40 च्या स्लॅबची कड 140 फूट. कठड्याच्या दोन आडव्या ओळी म्हणजे 280 फूट बांबू, आणि साचा पेलणाऱ्या कडेच्या बल्ल्या (लाकडी खांब) स्लॅबच्या साडेतीन फूट वर काढल्या की उभे खुंटही वेगळे नकोत.

सेंट्रिंगवाला, कुपवाड:
बल्ल्या कडेला चिकटून घेतल्या तर साच्याच्या साइडच्या प्लेटा बसत नाहीत. फूटभर बाहेर घ्याव्या लागतील. करून देतो, पण एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ लिहा, काढून परत बांधायच्या मजुरीसकट. पोरं कठडा जागेवर ठेवतील हे मला अजून पटत नाही.

विश्रामबागचा घरमालक:
रनिंग फुटाचा भाव सांगा. स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे.

बिगारणीची लेक, सांगलीवाडी:
चढायच्या वाटेचाही धरा त्यात.