पंच, रेफरी, जज : बॉक्सिंगमधल्या रिप्लेबद्दल मराठीत लिहायचं कसं?

मांडवीकाठ (पणजी): एका पेपरच्या क्रीडापानासाठी भाषांतर करतेय. विषय असा, की बॉक्सिंगमधले निर्णय रिप्ले बघून तपासावेत का. पहिल्याच परिच्छेदात अडकले. मुळात रेफरी वेगळा आणि जज वेगळे, मराठीत दोघेही पंच. वर बॉक्सर मारतो तो पण पंच. 'जखम पंचने झाली की डोकं आपटून, हे पंचांना दिसलं नाही' असं वाक्य झालंय. रेफरी रिंगमध्ये असतो, खाली पडलेल्यासाठी आकडे मोजतो, फाउल देतो, लढत थांबवतो. जज बाहेर बसून गुण देतात. रिप्लेचा प्रश्न दोघांना सारखा लागू नाही, म्हणून मला दोन शब्द हवेत.

डिचोलीकर: रेफरी = पंच, जज = गुणपंच, पंच मारणे = ठोसा, रिप्ले = फेरदर्शन. शब्द आहेत, वापरायची इच्छा पाहिजे. महापौर, दिग्दर्शक हे सावरकरांनी दिले तेव्हा नवेच होते ना?

पात्रांव_७७: काका, गोव्यात पंच म्हटला की पंचायतीचा पंच. 'पंचांचा निर्णय फिरवला' असा मथळा दिलात तर आमच्या वाड्यावर पहिला प्रश्न येणार, कुठच्या वॉर्डाचा? फुटबॉलच्या मैदानावर लहान पोर पण रेफरीच म्हणतं. लोकांच्या तोंडात आहे तो शब्द काढून त्या जागी दुसरा कशाला घालायचा?

फोंडेकरीण: पंच म्हणजे मुळात पाच जण, 'पाचामुखी परमेश्वर' मधले. आणि हौशी बॉक्सिंगमध्ये खरोखर पाचच जण गुण देतात. म्हणजे जजना पंच म्हणा, आत उभा असतो त्याला रेफरी राहू दे. पार्टीत पितात तो पंचसुद्धा पाच जिनसांवरून आलाय, आणि मला वाटतं ठोशाचा पंच पण तिथूनच, पाच बोटं मिटली की मूठ.

मांडवीकाठ: पेयाचं तसं सांगतात खरं, पण ठोशाचा पंच फ्रेंचमधल्या टोचण्याच्या शब्दावरून, त्याचा पाचाशी संबंध नाही. आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जज तीनच, मग तिथे काय करायचं?

कॉर्नरवाला (वास्को): बाय, तुमचा फरक एकदम बरोबर आहे आणि तो शब्दांचा खेळ नाही. मी मुलांना शिकवतो म्हणून सांगतो. २०१२ लंडन ऑलिंपिक, आपला विकास कृष्ण १३-११ जिंकला, मग अमेरिकेने तक्रार केली, व्हिडिओ बघितला आणि १५-१३ ने एरॉल स्पेन्स विजयी. कारण काय, तर विकासने तिसऱ्या राउंडमध्ये नऊ वेळा धरून ठेवलं आणि दुसऱ्यात गमशील्ड (दातांवरचं रबरी कवच) मुद्दाम थुंकलं, रेफरीने द्यायला हवे होते ते इशारे दिलेच नव्हते, त्यांचे गुण स्पेन्सला मिळाले असते. म्हणजे सुधारली ती रेफरीची चूक. आता २०१४ इंचॉन आशियाई स्पर्धा, आपली सरिता देवी कोरियाच्या मुलीविरुद्ध हरली, सगळ्यांना वाटत होतं जिंकली, पण तक्रार फेटाळली कारण तेव्हा जजच्या गुणांवर तक्रारच चालत नव्हती. तिने पदक गळ्यात घालून घेतलं नाही आणि वर तिच्यावरच एक वर्षाची बंदी आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. माझ्या मते रिप्ले दोन्हीकडे पाहिजे.

मांडवीकाठ: सरिताचं मलाही लागतं. पण गुण हे मत असतं हो, कुठला ठोसा जास्त भारी हे रिप्ले बघून पाच जण पुन्हा पाच तऱ्हेने सांगतील. ठोसा की डोकं, ठोशाने पडला की पाय घसरला, हे मात्र कॅमेऱ्यात दिसतं. २०११ मध्ये व्यावसायिक लढतीत डॉसनने हॉपकिन्सला ढकलून पाडलं, खांदा दुखावला, रेफरीने डॉसनला टीकेओने (समोरचा लढू शकत नाही म्हणून लढत थांबवून) विजयी केलं, आणि तो निकाल रद्द व्हायला दोन महिने लागले. रिप्ले असता तर त्याच रात्री मिटलं असतं.

पात्रांव_७७: रिप्ले असून तरी काय झालं? २०२० ला लास वेगासला फ्रँको आणि मोलोनी, फ्रँकोचा डोळा सुजून बंद, रेफरी म्हणाला डोकं लागलं, मग जवळजवळ अर्धा तास रिप्ले बघत बसले आणि शेवटी रेफरीचंच कायम. ठोशाने सुजला म्हटलं असतं तर मोलोनी जिंकला असता, डोक्याने म्हटल्यावर लढत बाद. टीव्हीवर बघणाऱ्या कितीतरी जणांना तो ठोसाच वाटला.

कॉर्नरवाला: कारण रेफरीचा निर्णय उलटवायला पक्का पुरावा लागतो. आणि तिथे लढत थांबलेलीच होती म्हणून वेळ मिळाला. चालू राउंड कधीच थांबवू नये, मार खाल्लेल्याला दम घ्यायला मिळतो, समोरच्याने कमावलेलं फुकट जातं. दोन राउंडमध्ये एक मिनिट असतो, तेवढ्यात बघा, पडणं धरलं असेल आणि ते घसरणं निघालं तर जजना कळवा, संपलं.

डिचोलीकर: हे सगळं ठीक, पण क्रिकेटला 'तिसरा पंच' रुळला ना? १९९२ ला डर्बनमध्ये सचिन तसाच रनआउट झाला तेव्हापासून. बॉक्सिंगलाही तोच शब्द घ्या.

मांडवीकाठ: जज तीन असतात तिथे तिसरा पंच म्हणजे तिसरा जज वाटेल, काका. आणि 'फेरदर्शन' म्हणजे देवळात पुन्हा जाऊन आल्यासारखं वाटतं. 'फेरतपासणी' चालेल, पण मग रिप्ले हे साधन आणि तपासणी ही कृती असे दोन शब्द होतात.

डिचोलीकर: मग दोन होऊ देत! भाषा वाढते ती अशीच. आळस केला की सगळं इंग्रजीच उरतं.

फोंडेकरीण: वर बुक्क्यांचा मार आलाय म्हणून विचारते, बुक्की आणि ठोसा एकच का? आमच्याकडे गुद्दा पाठीतच घालतात, तोंडावर नाही.

पात्रांव_७७: आमच्याकडे गुद्दा कुठेही.

डिचोलीकर: अजिबात नाही. गुद्दा पाठीत, बुक्की जवळून आणि घाईघाईने, ठोसा समोरून. 'ठोशास ठोसा' म्हणतो आपण, 'बुक्कीस बुक्की' ऐकलंय का कोणी?

कॉर्नरवाला: मग हूकला काय म्हणणार? तो समोरून येत नाही, बाजूने येतो.