रीफ टाकीतील प्रवाह : वेव्हमेकर कोणता निवडला आणि कुठे लावला?

खारेपाणी_पुणे
गेल्या आठवड्यात मालवणला गेलो होतो. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात सरगॅसम या समुद्री शेवाळाची झुडपे लाटेबरोबर एकदा किनाऱ्याकडे आणि एकदा समुद्राकडे झुकताना बराच वेळ पाहत राहिलो, आणि माझी पहिली रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी) आठवली. तिच्यातील लेदर कोरल (चामड्यासारखे मऊ प्रवाळ) एकाच बाजूला कललेले असे, कारण त्याच्यावर दिवसरात्र एकाच दिशेने पाणी येत असे. समुद्रात पाणी येते आणि परतही जाते, टाकीत मात्र हे परतणे आपल्यालाच घडवून आणावे लागते. सध्याची टाकी चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच आहे. खडक आणि वाळू वजा जाता तीत सुमारे २०० लिटर पाणी मावते. समोरासमोरच्या काचांवर जेबाओ कंपनीचे दोन लहान वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह निर्माण करणारे पंप, लावले आहेत आणि ते आळीपाळीने जोर घेतात. पंपाच्या क्षमतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व त्याच्या जागेला आणि चालण्याच्या पद्धतीला आहे, असे माझे मत झाले आहे. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

मीठभाकर
विषय उत्तम आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये 'तासाला टाकीच्या चाळीसपट पाणी फिरले पाहिजे' असे सांगितले जाते. ते आकडे अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलांसाठी असतात, हे सांगायचे मात्र राहून जाते. आपल्याकडे रीफ बांधणारी कठीण प्रवाळे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे माझ्या टाकीत झोआ, मशरूम आणि लेदर ही मऊ अंगाची कोरले एवढीच आहेत. त्यांना दहा ते वीसपट पुरते, म्हणजे आपल्या २०० लिटरच्या टाकीसाठी तासाला दोन ते चार हजार लिटर. त्याहून मोठा पंप घेतला, तर तो आयुष्यभर सर्वांत कमी गतीवर चालवावा लागतो.

आबा_नागपूर
मीठभाकर यांच्याशी सहमत आहे, पण मोठा पंप कमी गतीवर चालवण्यात एक फायदाही आहे. तो आवाज कमी करतो, शिवाय त्याच्या रुंद पंख्यातून निघणारा प्रवाह पसरट आणि मवाळ असतो. लहान पंप पूर्ण गतीवर चालवला की पाण्याची अरुंद धार सुटते आणि समोर येईल त्या कोरलाची त्वचा ती सोलून काढते. नागपूरच्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) असूनही पाणी तापते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून एक पंप पृष्ठभागापासून चार बोटे खाली, किंचित वर तोंड करून लावला आहे. पृष्ठभाग सतत हलता राहिला पाहिजे, परंतु पाणी काचेबाहेर उडता कामा नये, कारण सुकलेल्या मिठाचे थर दिव्यावर आणि वायरींवर बसतात.

न्यूजर्सीकर_सुहास
इकडे कठीण कोरले बाळगण्यास अडचण नाही, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कोरलाच्या अंगाला लागून पाण्याचा एक अगदी पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. अन्न आत येणे आणि अतिरिक्त प्राणवायू बाहेर जाणे हे सारे त्या थरातून घडते, आणि प्रवाह जितका खेळता तितका तो थर पातळ होतो. अ‍ॅक्रोपोराला म्हणूनच जोर लागतो, पण तो जोर दिशा बदलणारा असावा लागतो. मी व्होर्टेक एमपी-४० प्रकारचे दोन वेव्हमेकर समोरासमोर लावले आहेत आणि त्यांचे प्रवाह खडकांच्या वर एकमेकांवर आदळतात. तेथेच सर्वांत चांगली गुंतागुंत तयार होते आणि तेथेच अ‍ॅक्रो बसवले आहेत. टॉर्च आणि हॅमर ही कोरले मात्र खाली, खडकाच्या आडोशाला. त्यांचे शुंड (बोटांसारखे लांब अवयव) सावकाश डोलले पाहिजेत, सगळे एका दिशेला चिकटून राहिले तर प्रवाह जास्त आहे असे समजावे.

शेवाळे_काका
व्होर्टेकची मोटर काचेबाहेर असते आणि चुंबकाने आतला पंखा फिरवते, त्यामुळे मोटरची उष्णता पाण्यात फारशी उतरत नाही. विकत घेण्यापूर्वी काचेची जाडी मात्र मोजावी. एमपी-१०ला सुमारे १० मिलिमीटरपर्यंतची काच चालते, एमपी-४०ला १९पर्यंत.

डोंबिवलीची_मासोळी
काका, माझी टाकी बाहेरच्या खोलीत आहे आणि रात्री सासूबाईंना पंपाची गुणगुण सहन होत नाही. रात्री वेव्हमेकर बंद ठेवला तर चालेल का? (कुकरची शिट्टी त्यांना चालते, हे वेगळे.)

शेवाळे_काका
ताई, बंद ठेवू नका, गती कमी करा. रात्री प्रकाश नसल्याने शेवाळ आणि कोरलांतील शैवालपेशी प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात, आणि पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. गुणगुण बहुधा पंख्याच्या दांड्यावर जमलेल्या चुन्यामुळे असते. पंप सोडवून पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात किंवा लिंबूसत्त्वाच्या द्रावणात काही तास ठेवा. बुडबुडे येऊन चुना विरघळेल, मग जुन्या टूथब्रशने घासा.

डोंबिवलीची_मासोळी
आभारी आहे. व्हिनेगर घरात आहेच. सासूबाईंना पंप लोणच्याच्या बरणीशेजारी दिसू नये, एवढे पाहीन.

खारेपाणी_पुणे
काका, पंप उघडल्यावर पंखा बसवताना त्याच्या लहान बुशा (दांड्याच्या टोकांचे आधार) हरवू नयेत, म्हणून मी ते काम ताटात करतो.

कोकणकडा
वाळूबद्दल कोणी लिहिलेले नाही. साखरेसारखी बारीक अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू दिसायला सुंदर असते, पण पंपाचे तोंड जरा जरी खाली झुकले तरी कोपऱ्यात काच दिसू लागते आणि वाळूचा ढीग समोरच्या खडकावर जाऊन बसतो. मी एक ते दोन मिलिमीटर दाण्याची वाळू वापरतो. जागा ठरवताना मासे खायला घालतो त्या वेळी दिवा बाजूने लावून अन्नाचे कण कुठे जातात ते पाहतो. कण जेथे गोल फिरून खाली बसतात, तेथे पुढे गाळ साचतो आणि लालसर बुळबुळीत थर धरतो. माझ्या टाकीत ती जागा नेहमी खडकांच्या मागे असते. म्हणून तिसरा, अगदी लहान पंप मागच्या काचेवर, खडकांच्या पाठीकडे वळवून लावला आहे. समोरून तो दिसतही नाही.

दुबई_वाळवंट
लांब टाकीसाठी जायर प्रकारचा पंप पाहावा. आडव्या पिंजऱ्यातील पाती फिरून पाण्याचा रुंद पडदा पृष्ठभागालगत दुसऱ्या टोकापर्यंत नेतात आणि ते पाणी तळाने परत येते, त्यामुळे गाळ उचलला जातो. माझ्या सहा फुटी टाकीत एका बाजूच्या काचेवर एकच पुरतो. पिंजरा आडवा आणि पृष्ठभागाजवळ बसवावा.

आबा_नागपूर
लाटा उभ्या करण्याच्या मोडबद्दल एक सूचना. चार फुटी टाकीत पाण्याची डोलण्याची नैसर्गिक गती सुमारे दीड सेकंदाची असते, आणि पंपाचे झटके त्या गतीशी जुळले की सारे पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावे घेऊ लागते. दिसायला मोहक असले, तरी काचेच्या सांध्यांवर आणि स्टँडवर ताण येतो. स्टँड हलत असल्यास तो मोड लावू नये.

मीठभाकर
वीज गेल्यावर काय करता, हेही लिहावे. आमच्याकडे उन्हाळ्यात भारनियमन असते. मी एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर घेतला आहे, कारण त्याला हीटर किंवा चिलरच्या मानाने फार थोडी वीज लागते. बाकी सारे बंद पडले तरी पृष्ठभाग हलत राहतो.

कोकणकडा
माझ्याकडे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असतो, पण मीठभाकर यांची व्यवस्था अधिक चांगली वाटते.

निवांत_झोआ
मला लवकरच बबल-टिप अ‍ॅनिमोन (खडकाला चिकटून राहणारा, शुंडांचा मऊ समुद्री प्राणी) मिळणार आहे आणि सोबत क्लाउनफिश माशांची जोडी. अ‍ॅनिमोन फिरता फिरता पंपात ओढला जातो, असे ऐकले आहे. जाळी पुरते का?

न्यूजर्सीकर_सुहास
जाळी पुरत नाही, तिच्या फटींतून शुंड आत जातात. पिंजऱ्यावर जाड छिद्रांचा स्पंज चढवावा आणि तो दर आठवड्याला धुवावा, नाहीतर तो तुंबून पंपाचा जोर निम्म्यावर येतो. अ‍ॅनिमोन खडकात स्थिरावून एका जागी राहू लागला की स्पंज काढता येतो. तोवर पंपाची गतीही कमी ठेवा, कारण जोराच्या प्रवाहात तो जागा शोधत अधिक भटकतो.